बर्फावरच्या रस्त्याचं पान

९ जानेवारी

ते वाक्य काढणार नाही. काय व्हायचं ते होवो!

राजधानीतून, टॅलिनहून, आमच्या पर्यटन कचेरीत आलेला नवा साहेब, कारेल, पर्यटकांचं माहितीपत्रक सुधारतोय. बोटीच्या वेळा राहिल्या, औषधाचं दुकान राहिलं. हिवाळ्यात समुद्र गोठला की बेटावर गाडीनं जाता येतं, त्या रस्त्याच्या पानावर मात्र काट मारली. ‘गाडीत पट्टा बांधू नका’ — हे वाक्य नको. साऱ्या युरोपात बांधा म्हणतात आणि आपण सोडा म्हणायचं? लोक अडाणी समजतील.

बर्फ फुटला की गाडीतून बाहेर पडायला वेळ नसतो, एवढंच मी बोलले.

१४ जानेवारी

थंडी वाढतेय. किनाऱ्याला बर्फाची साय धरलीय.

१७ जानेवारी

चौकशीच्या खिडकीवर स्पॅनिश जोडपं आलं. रस्ता कधी सुरू होईल? मी जुन्या पत्रकातलं पान वाचून दाखवलं — हळू चालवा, मध्ये थांबू नका, पट्टा सोडा. नवरा हसला. बायकोनं कडेवरच्या पोरीला घट्ट धरलं.

ते गेल्यावर शेजारच्या टेबलावरून उर्वे म्हणाली, “मारेट, ते वाक्य थडग्यावर कोरून घे बाई.”

मग तिला आठवलं. दुपारभर माझ्याकडे बघितलं नाही.

थडगं आहेच. माझ्या धाकट्या बहिणीचं, हेल्यूचं. शहरातून आली होती. सवयीनं पट्टा बांधला. बर्फाखालून गाडी वर काढली तेव्हाही बांधलेलाच होता.

कारेलला हे सांगणार नाही. दयेनं मिळालेलं वाक्य मला नको.

२६ जानेवारी

“एका वाक्यासाठी नोकरी घालवाल, मारेटबाई?”

“घालवेन.”

वरच्या साहेबांना विचारतो, कारेल म्हणाला. मी खणातल्या वस्तू पिशवीत भरल्या.

२ फेब्रुवारी

वाक्य राहिलं! रस्त्यावरच्या पाटीवर तेच लिहिलेलं असतं, पत्रकात वेगळं कसं चालेल — असं वरून उत्तर आलं. कारेलनं ते ठळक अक्षरांत घेतलं. उर्वेनं काळा पाव आणि खारवलेली मासळी पुढे सरकवली. “खा, भांडकुदळ.”

११ फेब्रुवारी

पत्रकं छापून आली. आज पाऊस. या दिवसांत पाऊस!

६ मार्च

समुद्र गोठला नाही. रस्ता झालाच नाही. बोटवाले म्हणतात, आता बहुधा कधीच होणार नाही. म्हणजे कुणी बुडणारही नाही. हेच हवं होतं ना मला?

आज खिडकीवर जो जो आला, त्याला ते पान उघडून वाचून दाखवलं.