डिकीतला फ्रिज

प्रिय जमीलभाई यांस,

कोंडाजीचा सलाम आणि जय भीम, दोन्ही घ्या. नसीमभाभींचा गुडघा कसा आहे? अलिशाच्या लग्नाची दगदग आता उतरली असेल.

आधी हिशेब सांगतो. गाडीच्या डिकीत बसणारा तो फ्रिज मला केवढ्याला पडला? डिकीतली सगळी जागा, मावससासूंशी असलेले संबंध आणि सुलाताईचं या महिन्याचं इंजेक्शन. (फोनच करणार होतो, पण तुम्ही ऐकून गप्प झाला असतात आणि ते गप्प होणं मला ऐकू आलं असतं. माझे कान तुम्हाला माहीत आहेत.)

एकलहऱ्याच्या कॉलनीत सायकलवर फ्रिज दुरुस्त करत हिंडणारा मी बंद दाराबाहेरून कॉम्प्रेसरचं दुखणं ओळखायचो. म्हणून विजेवरची गाडी घेतली तशी डिकीत फ्रिज बसवला आणि गावभर सांगितलं, की बहिणीचं औषध आता माझ्या देखरेखीखाली जाणार. (तिच्या गाठीवरचं इंजेक्शन, मिळतं नाशिकला, टोचायचं मनमाडला.) निघालो ते पंचवटीत मावससासू भागीबाईंकडे थांबलो. गरज नव्हती, पण नवी गाडी आणि सासरची माणसं! त्यांनी डिकीत डोकं घातलं. "एवढं मोठं खोकं आणि आत एवढीशी बाटली? जावईबापू, ही वरात आहे की मयत?" पाठोपाठ मनमाडच्या नातवासाठी कुल्फीचा डबा आला. "वितळली तर दुकानाची पाटी उतरवा." माझ्या धंद्यालाच हात घातला! मी चारचौघांसमोर बटण दाबत दाबत फ्रिजचं तापमान उणे अठरावर नेलं. मटार गोठले की टिकतात, मटण गोठलं की टिकतं. मग औषधाचंच काय बिघडणार होतं?

चांदवडपर्यंत कॉम्प्रेसर एकदाही थांबला नाही. मी बायकोला म्हटलं, राखी, ऐक, कसा जीव तोडून राबतोय. ती म्हणाली, "थांबत का नाही, ते बघा." मी गाण्याचा आवाज वाढवला.

मनमाडला नर्सने बाटली उजेडात धरली. आत बर्फाचा खडा. "गोठलेलं चालत नाही, काका. वितळलं तरी नाही." सरकारी योजनेतलं औषध, दुसरं थेट पुढच्या महिन्यात. तोवर गाठ काय करेल, विचारलं, तर डॉक्टर 'बघू' म्हणाले. 'बघू' म्हणताना त्यांनी ताईकडे बघितलं नाही.

ताई उलट मलाच समजावत बसली. "कोंड्या, रडणं नंतर कर, कुल्फी वितळतेय." (भागीबाईंच्या नातवाची कुल्फी, जमीलभाई! त्या आता बोलत नाहीत.) तोंड आल्यापासून ताईच्या घशाखाली सुखाने उतरलं ते तेवढंच.

आपला,
कोंडाजी

ता. क. फ्रिज उघडून तपासला. त्यात काहीही बिघाड नाही.

आणखी एक ता. क. खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहायला बसलो. पुढचं इंजेक्शन तुम्ही न्याल का? नाशिकरोडहून कामावरून मनमाडला घरी जाताना, वर्षभर नेत होतात तसं, मांडीवर थर्मास धरून. 'त्या थर्मासला आता पेन्शन द्या,' असं मी सगळ्यांदेखत म्हणालो होतो. तुम्ही हसलात, पण जरा थांबून. तेही ऐकलं होतं मी.

नर्स सांगत होती, थर्मासमधून आलेलं एकही इंजेक्शन टाकून द्यावं लागलं नव्हतं.