पायरीवरचं दगडफूल

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक, असं लिहिणार होतो, पण लपवून काय उपयोग? मागच्या दाराच्या पायरीवरचं तुझं दगडफूल माझ्या हातून गेलं. रंगारी यायचे म्हणून पायरी घासायला बसलो. मत्स्यालयात दिवसभर टाक्यांच्या काचा घासणारा मी. डाग दिसला की हाताला चैन पडत नाही. ब्रश दोनदा फिरला, मग लक्षात आलं. सव्वीस वर्षं दर हिवाळ्यात येऊन तू ते पट्टीने मोजत होतीस, आणि अजून कोटाच्या बटणाएवढंच झालं होतं.

आमचे जावईबापू, म्हणजे खोल समुद्रातला तो चौदा पायांचा, खेकड्यांचा भाऊबंद, अकरा महिने जेवलेले नाहीत. थंड टाकीत रुसून बसलेत. तू तसा अबोला धरू नकोस. शिव्या घाल, पण पत्रातून घाल.

रागावून का होईना, लोभ राहू दे.

तुझा धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दोन दिवस तुझं पत्र टेबलावर पालथं घालून ठेवलं होतं. गाढवा, लहानपणी कान घासायला आई तुझ्यामागे धावायची, आणि आता घासायला तुला माझीच पायरी सापडली?

मग प्रयोगशाळेत बसून तुझे जावईबापू आणि माझं दगडफूल यांची तुलना करून पाहिली. घाई दोघांनाही नाही. पण तुझा तो एकटा. चिलखत घालायचं, पोट आवळायचं, कुणाकडे काही मागायचं नाही. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचा संसार. एक घर सांभाळतं, दुसरं उन्हावर दोघांचं रांधतं. जन्मभर मी अभ्यास दगडफुलाचा केला आणि राहिले मात्र तुझ्या जनावरासारखी.

खरं सांगू? त्या मोजमापाचा कुणालाच उपयोग नव्हता. आई असताना, आणि ती गेल्यावरही, तुमच्याकडे यायला मला तेवढं एक कारण होतं. नुसती आठवण आली म्हणून येते, असं म्हणायला माझी जीभ कधी रेटली नाही. आता काय सांगून येऊ?

आशीर्वाद आहेतच, रागासकट.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला ते ठाऊक होतं. पायरी धुवायला कुणी बादली उचलली की ती ओरडायची, तो डाग गेला तर माझी पोरगी यायची थांबेल. म्हणून त्या दिवशी ब्रश हातात धरून मी रडलो. दगडफुलासाठी नाही, ताई.

तुझी खोली झाडून ठेवली आहे. येण्याचं कारण इथे तुला कुणी विचारणार नाही. लोभ आहे, तो इथे येऊन वाढव.

तुझा धाकटा