नव्व्याण्णव टक्क्यांवर आई

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलो की कंबर धरते, म्हणून खरं तर बसल्या बसल्याच लिहितोय. वाकलो असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक. तुझी भावजय सध्या माझ्याशी मोजकंच बोलते. त्याचं कारण पुढे येईलच.

तू पाठवलेली डिस्क पोचली. तुमच्या तेव्हाच्या नव्या घरात सामान लावलं त्या दिवशी दाजींनी काढलेला तो व्हिडिओ. ती लावायचं मशीन तुमच्याकडे उरलं नाही, तेव्हा कॉम्प्युटरवर उतरवून दे, एवढंच तुझं मागणं. मी म्हटलं, हा तर हातचा मळ! पण डिस्कवर एक ओरखडा दिसला, आणि चाळीस वर्षं चष्म्याच्या काचा घासलेल्या माणसाचे हात शिवशिवायला लागले. हिने दारातूनच बजावलं, "ती काच नाही, उगाच हात लावू नका." मी लावला. दुकानातली पॉलिशची पूड, मऊ फडकं, आणि गोल गोल, अगदी मायेने. ओरखडा गेला. त्याच्या जागी चंद्राभोवती असतं तसं धुरकट खळं उमटलं. (बोलणं मोजकं झालं ते इथून.)

मग लेकीने फोनवरून सांगत सांगत डिस्क उतरवून घेणारं सॉफ्टवेअर माझ्याकडून कॉम्प्युटरवर घालून घेतलं. "बाबा, ते काहीही विचारू दे, तुम्ही 'हो' म्हणा आणि पुढे जा," असं सांगून ती कामाला लागली. ते सॉफ्टवेअर फार चौकस निघालं. अमुक करू का, तमुक ठेवू का, खात्री आहे का. मी आपला हो, हो, हो. शेवटी त्याचे प्रश्न संपले आणि पडद्यावर एक निळी पट्टी सरकायला लागली. खाली लिहून आलं, उरलेला वेळ सात मिनिटं. थोड्या वेळाने एकोणीस तास. मग एकदम दोन मिनिटं. (आपल्या शिंप्याकडे कपडे कधी मिळतील विचारलं की असंच व्हायचं.)

दुपारची वेळ होती. खिडकीचा पडदा वाऱ्याने फुगत होता, बसत होता. शेजारच्या खोलीत कुणीतरी तोंडातल्या तोंडात गुणगुणावं तशी डिस्क आत फिरत होती. पट्टीच्या वर छोट्याशा चौकटीत चित्र दिसायचं, तेवढं बघत मी बसलो. दाजींनी काय काढलंय, तर तुमचं कपाट. कपाट जिन्याखाली, कपाट जिन्यात, कपाट जिन्यात अडकलेलं. वीस मिनिटं नुसतं कपाट. त्यामागून माझे केस दिसतात, काळे आणि भरपूर. मी त्यांच्याकडे परक्याच्या वस्तूकडे बघावं तसा बघत राहिलो. सॉफ्टवेअर फुकटातलं, म्हणून सगळ्यांच्या तोंडावर आडवं 'नमुना' असं छापून आलंय. दाजींना ते शोभतं. (त्यांना वाचून दाखवू नकोस.)

मग पट्टी नव्व्याण्णववर येऊन थांबली. आणि चौकटीत आई.

ताई, फोटोत आई कशी असते आठव. डोळे तपासायला बसवल्यासारखी ताठ, ओठ मिटलेले. इथे ती तुमच्या खिडकीपाशी स्टुलावर उभी राहून पडद्याची दोरी ओवत होती. धुरकट खळ्यातून दिसत होती, त्यामुळे खोलीत सकाळचं धुकं शिरल्यासारखं वाटायचं. ती वळली. तिथेच चित्र थिजलं. तासभर ती तशी वळलेली, आणि मी खुर्चीत. ही चहा ठेवून गेली, मी उठलो नाही. उठलो तर ती स्टुलावरून उतरून आत निघून जाईल असं वाटायला लागलं होतं. ही परत आली, कॉम्प्युटरकडे पाहिलं, दुसरी खुर्ची ओढली आणि शेजारी बसली. मग डिस्क खरखरली, आई हलली, तिने दोरी ओढली, आणि शंभर टक्के झाले.

तर काम फत्ते. दाजींना सांग, व्हिडिओ सुखरूप आहे.

तुझा,
ठोंब्या

ता. क. सुखरूप म्हणजे, चित्र सुखरूप आहे. आवाज नाही. त्या प्रश्नांमध्ये 'आवाज वगळू का?' असाही एक होता, हे लेकीने नंतर शोधून काढलं. परत उतरवावं म्हणून मी डिस्क आणखी थोडी घासली. आता मशीन तिला ओळखतच नाही. राग मानू नकोस. किंवा मान.

आणखी एक. वळल्यावर आई काहीतरी बोलते. समोर तूच आहेस. ऐकून तू खोक्यावर बसतेस आणि पोट धरून हसतेस. मी ते पन्नासदा पाहिलं, ओठांवरून काही लागत नाही. काय म्हणाली ती? आठवत असेल तर उलट टपाली कळव. आठवत नसेल तर गुडघे घेऊन इकडेच ये. खुर्च्या दोन मांडलेल्याच आहेत, तिसरी आणतो.