म्हातारीच्या दारातला खड्डा

आबा,

काल आजऱ्याकडच्या एका वाडीत बैठक होती. संडास बांधायचे म्हणून बायका जमल्या होत्या. अशा बैठका घेणं हेच आता माझं काम. मी नेहमीसारखं आधी विचारलं, "खड्डा खणायला घरात कुणीच नाही, असं कोण आहे?" मागून एक म्हातारी म्हणाली, "मी हाय की." बैठक कशीबशी आटोपून मी घरी आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज लिहायला बसले.

शाहूवाडीतल्या आपल्या गावाने घरोघरी संडासाचा ठराव केला तेव्हा मी सातवीत होते. ज्याने त्याने आपला खड्डा काढायचा आणि बांधकाम तुम्ही करायचं, कारण गावात दुसरा गवंडी नव्हता. आपल्या स्वयंपाकघराचा गिलावा तसाच राहिला आणि तुम्ही लोकांच्या दारात विटा रचत राहिलात. मग गावाने तुम्हाला पाळत ठेवणाऱ्या पथकाचा प्रमुखही केलं. उघड्यावर जाणाऱ्याला सकाळी गाठायचं, शिट्टी मारायची आणि गळ्यात झेंडूचा हार घालायचा. सगळा गाव हसायचा. मीही हसायचे.

आपल्या गावाच्या टोकाला एक म्हातारी एकटीच राहायची. तिच्या दारात नुसता जांभा दगड. ती दोनदा आपल्याकडे आली. दुसऱ्यांदा तुम्ही जेवत होता, ताटावरून मान वर न करता म्हणालात, "मावशी, आदी खड्डा काढा, मग बांधतो. नेम सगळ्यांस्नी सारखाच." ती उंबऱ्यावरूनच परत फिरली. पुढे एका संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "अजून कोण कोण जातंय गं?" आणि मी तिचं नाव सांगितलं. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवून "शाब्बास" म्हणालात.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठी तुम्ही तिला हार घातलात. तिने तो काढला नाही. तसाच गळ्यात घेऊन ती गावातून घरापर्यंत चालत गेली, आणि त्या दिवशी कुणी हसलं नाही.

आठवड्याभराने शेजारीण आईला सांगत होती, "म्हातारी खाईना झालिया. खाल्लं की जावं लागतंय, म्हणती. पाणीबी घोटभरच पिती." तुमचा घास हातातच राहिला. तुम्ही पहार उचललीत आणि मी मागोमाग आले. ती भिंतीला टेकून बसलेली. आवाज पार खोल गेलेला. "आता कशाला आलास लेकरा? दोनदा सांगितलं व्हतं की तुला." तुम्ही दगडावर पहार मारायला लागलात. तीन दिवस एकटेच मारत होता. चौथ्या दिवशी कुणी न बोलावता माणसं आपापल्या पहारी घेऊन आली, बायकांनी घमेली उचलली. ठरावाने जे झालं नव्हतं, ते त्या दिवशी झालं. आईने तिच्यासाठी पेज नेली, पण तिला ती जाईना. भिंती उभ्या राहिल्या, पत्रा चढला, आणि दार बसायच्या आदल्या दिवशी ती गेली.

गाव म्हणालं, वय झालं होतं. तुम्ही तरीही दार बसवलंत, कडी लावून पाहिलीत. पथकाबरोबर पुन्हा कधी गेला नाहीत.

शेवटी कोल्हापूरच्या दवाखान्यात तुम्ही सारखं तिचंच बोलत होता. मी रडायला लागले तर तुम्हीच माझी समजूत काढलीत, "तू कशाला रडतीस? तू ल्हान हुतीस. तुला काय म्हाईत?"

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत, म्हणूनच सांगते. तुम्हाला तिचं नाव सांगितलं त्या संध्याकाळच्या आधी, शाळेतून येताना तिने मला वाटेत थांबवलं होतं. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली होती, "मी ओढ्याला जाती ते आबाला सांगू नगंस बाय. दारात दगूड हाय, माझ्यानं खणवत न्हाय." मी तिला "न्हाय सांगत" म्हणाले होते.

मला माहीत होतं, आबा.