आदिल गप्प बसला

९ नोव्हेंबर २०२५

विकणार. ठरलं! पनवेलच्या घरातला माझा हिस्सा विकून मोकळी होणार. अब्बांच्या मागे आदिलचे दोन भाग, बहीण म्हणून माझा एक — ते कधी डाचलं नाही. डाचतं ते हे, की माझी म्हणवणाऱ्या मागच्या खोलीत त्याने पंख्यांचे खोके छतापर्यंत रचलेत. गोडाऊन केलंय! ईदला कळंबोलीहून गेले तर बाहेरच्या खोलीत बसवलं, पाहुणीसारखं. सख्ख्या धाकट्या भावाने.

यूम्ना विचारते, अम्मी, खरंच विकायचंय की मामूला घाबरवायचंय? कार्टीला सगळं कळतं.

१२ नोव्हेंबर

गिऱ्हाईक मिळालं. जगनशेठ, इथल्या लोखंड बाजारातला. वाटणी न झालेला हिस्सा कोण घेतं? हा लगेच तयार! कागदपण त्याचाच वकील करतोय. बरंय, माझी पायपीट वाचली.

१४ नोव्हेंबर

जुम्म्याची नमाज झाल्यावर पनवेलच्या घरी गेले. आमच्यात रीत आहे, शुफा म्हणतात. हिस्सा परक्याला जाणार असेल तर आधी घरच्या हिस्सेदाराला सांगायचं. त्याला हवा असेल तर त्याने ऐकल्या ऐकल्या, बसल्या जागी, तोंडाने मागायचा. विचार करत बसला की हक्क गेला. अब्बांनी त्यांच्या भावाचा हिस्सा असाच मागितला होता, हातातला घास ताटात टाकून.

साक्षीला इलियासचाचांना नेलं होतं. सांगितलं सगळं. आदिल चहा पीत होता. मी नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. एक शब्द हवा होता मला! पैसे सावकाश दे म्हटलं असतं. नाही दिले तरी चाललं असतं.

त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "आपा, तुझी मर्जी."

चाचांनी पुन्हा विचारलं. मान खाली. त्याची बायको हाजरा उठून आत गेली.

१५ नोव्हेंबर

तुझी मर्जी! लहानपणी तापात फणफणायचा तेव्हा कडेवर घेऊन दवाखान्यात कोण धावायचं? तेव्हा कुणाची मर्जी होती?

जगनशेठला फोन केला. सोमवारीच उरकू म्हटलं.

१७ नोव्हेंबर

सही, अंगठा, फोटो — झालं. फोटोत रडकी आलेय. जगनशेठने पेढे आणले होते, मी हात लावला नाही. आता परका माणूस येऊन खोलीला कुलूप ठोकेल, तेव्हा कळेल नवाबाला.

२ डिसेंबर

फोन नाही. मीही करणार नाही. मेले तरी कळवू नका त्याला.

६ डिसेंबर

हाजरा आली. दारातच रडायला लागली. जगनशेठने घर खाली करायला सांगितलंय. कसं सांगेल, म्हटलं, त्याचा एकच तर भाग आहे!

"आपा, पंख्यांचं दुकान बुडालं तेव्हा ह्यांनी आपले दोन्ही भाग त्यालाच विकलेत. तुम्हाला सांगायची लाज वाटली. शुफा कशाच्या जोरावर मागणार? तुमचा हिस्सा होता, म्हणून तर तो आम्हाला हलवू शकत नव्हता."

सामान इकडे आणा म्हटलं. पंखेसुद्धा.