देवमन म्हणे

।। जय गुरुदेव ।।
बोरखडी, ता. नांदगाव खंडेश्वर
२७ जानेवारी २०२५

ती. सौ. ज्योत्स्नाताईस,
देवमनचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून हसशील, की फोन असताना भाऊ डाकघराचा धंदा वाढवून राहिला. तसं नाही. फोनवर बोललो की घरात रुख्मिणीच्या कानावर जातं, आणि हे तिला कळू द्यायचं नाही.

शुक्रवारी दुपारी डाकघरात दोन माणसं आली. पांढरी गाडी अगदी दाराशी लावली. एकानं पाच पोस्टकार्डं मागितली आणि देवमन कोण, असं विचारलं. मीच, म्हणालो. त्यावर तो हसला. तुमचं गाणं ऐकलं मास्तर, पोरगा झकास बोंबलते, असं म्हणाला. दुसरा भिंतीवरची टपालाच्या वेळांची पाटी वाचत होता. निघताना या दुसऱ्यानं विचारलं, की थैली घेऊन रोज याच रस्त्यानं जाता ना, सायकलवरच ना. पोस्टकार्डं तशीच टेबलावर राहिली.

माझं कोणतं गाणं, ताई? तुझ्याकडे शिकायला ठेवलेल्या माझ्या चि. शिवमचा बँड आहे आणि तुझ्या मोटारीच्या शेडमध्ये ही पोरं वाजवतात, एवढंच मला ठाऊक. भजनी मंडळात खंजिरी शिकलेला पोरगा गिटार घेऊन ओरडतो, हे मी केव्हाच मान्य केलं. देवाला सूर पोचतो तशी आरोळीही पोचत असेल. पण माझा फोन बटणांचा, त्यावर काही ऐकता येत नाही. त्या गाण्यात काय आहे ते मला कागदावर उतरवून पाठव. शिवमला रागावू नकोस, त्याचं जेवण सुटतं.

भाऊजींना नमस्कार. या भावावर छाया राहू दे.
तुझा,
देवमन


अकोला
३१ जानेवारी २०२५

चि. देवमन यास अ. उ. आ.

तुझं पत्र दार लावून दोनदा वाचलं. तरी आधी गमतीचं लिहिते, म्हणजे पुढचं लिहायला हात चालेल.

दीड वर्षापासून तुझ्या भाऊजींची मोटार उन्हात उभी आहे आणि शेडमध्ये ‘फुफाटा’ आहे. हे त्यांच्या बँडचं नाव. शिवम गिटार वाजवतो आणि गातो, त्याचा वर्गमित्र धम्मदीप जाड तारांचं गिटार धरतो, आणि आकांक्षा नावाची हाडकुळी पोरगी ढोल असे बडवते की माझ्या मांडणीवरचे डबे सरकतात. मंडपवाल्यानं टाकून दिलेले दोन भोंगे त्यांनी दुरुस्त केले. पहिल्या कार्यक्रमाला एकोणीस माणसं होती, त्यातली चार आपल्या घरची. अचलपूरच्या गॅदरिंगात तिसऱ्या गाण्याला खाली उतरवलं. तेव्हा भाऊजी शिवमला म्हणाले, की पोरा, दोन तर म्हनू देल्ले ना, त्यायचे उपकार मान. मग डिसेंबरात एक गाणं इंटरनेटवर चढवलं आणि ते गावोगाव पसरलं. सोळा फेब्रुवारीला अमरावतीत मोठ्या सभागृहात बोलावणं आहे.

तेच हे गाणं. दीड मिनिटाचं आहे. जसंच्या तसं लिहिते:

धूर नव्हता, धूळ नव्हती, दिसत होतं सारं,
टिप्परच्या पाठीवरती आकडे होते चार.

मग तिघं मिळून ते चार आकडे ओरडतात, बारा वेळा. आणि शेवटी:

देवमन म्हणे, बोरखडीचा, पोरीचं नाव खुशी.

खुशी म्हणजे तुमच्या गावच्या रूपालीची लेक ना, शाळेतून येताना रेतीच्या टिप्परखाली गेली ती? पेपरात तर अज्ञात वाहन असं आलं होतं. मग पोराला आकडे कोठून कळले? मी त्याला विचारलं. बाबाले विचार, एवढंच म्हणाला आणि ताटावरून उठला.

देवमन, तू मले काय सांगितलं नाहीस? लहानपणी तुझं खोटं मीच पकडत होते. उत्तर ताबडतोब टाक आणि सायकलनं एकटा जाऊ नको.

तुझी,
ताई


अकोला
५ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
शिवमचा शि. सा. न.

आत्यानं तुमचं पत्र दाखवलं. चूक माझी आहे.

दिवाळीत तुम्ही मला गोठ्यामागं नेऊन सांगितलं, की तुम्ही थैली घेऊन येत होता, तुमच्या डोळ्यांसमोर झालं, आकडे दिसले, आणि पंचनाम्याच्या वेळी तुम्ही धुळीत काही दिसलं नाही असं सांगितलं. कोणाला बोलू नको, असंही म्हणालात. मी बोललो नाही, पण ते पोटात राहिलं नाही. गाणं झालं.

नाव टाकू नको, असं धम्मदीप म्हणत होता. नावानं मानूस सापडते बे, भजन नोहे हे, असं तो तीनदा म्हणाला. मी ऐकलं नाही. तुम्हीच शिकवलं होतं, की भजनाच्या शेवटी ज्याचा शब्द त्याचं नाव येतं, गाणाऱ्यानं आपलं घुसवलं तर ती चोरी. शब्द तुमचा होता, म्हणून नाव तुमचं टाकलं. तुमचा मान केला असं वाटलं मला. तुम्हाला त्या टिप्परवाल्यांपुढे उभं केलं, हे आकांक्षाच्या बाबांनी तिचं येणं बंद केलं तेव्हा कळलं.

गाणं काढून टाकलं आहे, पण लोकांच्या फोनमध्ये ते आहेच. अमरावतीला तुमच्या जागी माझं नाव घेऊ का? की गाणंच सोडू? तुम्ही म्हणाल तसं.

तुमचा,
शिवम


बोरखडी
८ फेब्रुवारी २०२५

चि. शिवम यास अनेक आशीर्वाद.

तुझं नाव घालू नकोस. गाणं सोड. हे बापाचं सांगणं आहे, त्यावर वाद नको.

काल परतताना मागून एक टिप्पर आला. हॉर्न नाही, घाई नाही. माझ्या सायकलच्या चालीनं पाऊण मैल मागे चालत राहिला. मी कडेला झालो, तो थांबला. मी निघालो, तो निघाला. शेवटी मी थैलीसकट नालीत उतरलो, तेव्हा तो हळूच पुढे गेला. आकडे तेच होते. त्यांनी ते पुसायचीही तसदी घेतलेली नाही.

सायंप्रार्थनेला बसतो, पण डोळे मिटवत नाहीत. मी त्या दिवशी खोटं बोललो ते तुमच्यासाठीच, असं देवाला रोज सांगतो.

आकांक्षाच्या बाबांचं बरोबर आहे. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा,
बाबा


।। जय गुरुदेव ।।
बोरखडी
१३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि., आणि चि. शिवम यास आशीर्वाद. हे दोघांनी मिळून वाचा.

सोमवारी रूपाली डाकघरात आली. तिच्या भाच्यानं तिला फोनवर ते गाणं ऐकवलं होतं. मला वाटलं, शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. ती खिडकीशी उभी राहिली आणि तिनं एकच विचारलं, की मास्तर, तुमी तथी होते, तं पोरगी मले हाका मारत होती का?

साडेचार महिने ती हेच मनात घेऊन फिरत होती, आणि उत्तर माझ्याजवळ होतं. मी सांगितलं, की नाही, तिला तेवढा वेळच मिळाला नाही, ती दप्तराचा पट्टा नीट करत होती. रूपाली खाली बसली. पाणी दिलं, ते तिनं हातातच धरून ठेवलं. मग म्हणाली, आता झोप येईन.

घरी येऊन रुख्मिणीला सगळं सांगितलं, ठाण्यात जातो म्हणालो. तिनं चुलीतली लाकडं मागे ओढली. मग तिनं माझा धुतलेला सदरा काढून दिला आणि म्हणाली, जा, पन लवकर या.

काल नांदगावला ठाण्यात जाऊन जबानी दिली. रूपाली सोबत होती. हवालदारानं इतका उशीर का, असं विचारलं. भीती वाटली, म्हणालो. तसंच लिहू का, म्हणाला. मी म्हटलं, तसंच लिहा. खाली सही केली. टिप्परचे आकडे, पांढरी गाडी, सारं सांगितलं. पुढे काय होईल, कोण येईल, मला माहीत नाही.

शिवम, रविवारी ते गाणं म्हणायचं की नाही, ते तुम्ही तिघांनी ठरवा. माझ्यासाठी अडून बसू नका. आकांक्षाच्या बाबांना मी वेगळं पत्र टाकतो आहे. त्यात त्यांनी तिला पाठवावं असं लिहिलेलं नाही. खरं काय ते तेवढं लिहिलं आहे.

परतीच्या एसटीत मी तीनदा मागच्या काचेतून पाहिलं. रूपालीनं एकदाही नाही.

जीव लावून आहात, तसेच राहा.
तुमचा,
देवमन