गॅलरीतला अननस

ता. ६ जानेवारी
चि. सौ. सूनबाईस, अ. उ. आशीर्वाद.

नव्या खोलीचा पत्ता मिळाला. कुणाला सांगितलेला नाही, पाकीटही फाडून टाकलं. इकडे दिवस जातात एवढंच. चिरंजीव कारखान्यातून येतात, जेवतात, दार लावून घेतात. तुझं विचारलं की म्हणतात, येईल तिची ती.

पत्रास कारण तुझा अननस. तीन वर्षांपूर्वी बाजारातल्या फळाचा शेंडा तू कुंडीत खोचलास तेव्हा मी हसलो होतो. आता रोज तांब्याभर पाणी घालतो, तरी खालची पानं पिवळी पडून मऊ झालीत, मातीला वास येतो. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला, पण हे यंत्र मला उलगडत नाही. काय करू ते कळव, आणि कधी येतेस तेही.

तुझे,
बाबा

ता. १५ जानेवारी
ती. बाबांना, सा. न. वि. वि.

अहो, तुम्ही त्याला बुडवलंत की. त्याला तहान कमी. उपटून ओली माती झाडा, कुजलेली मुळं कापा, सावलीत सुकू द्या. मग मातीत निम्मी जाड वाळू मिसळून लावा. बोट खुपसून कोरडं लागलं तरच पाणी द्यायचं, आणि पानांच्या मधल्या खळग्यात थोडंसं. ऊन मात्र भरपूर हवं. हातमोजे घाला. पानांच्या कडा करवतीसारख्या असतात, आणि साखरेमुळे तुमची जखम लवकर भरत नाही.

प्लॅस्टर काल निघालं. मनगट अजून नीट वळत नाही, पण चष्म्याच्या दुकानात काम मिळालंय. बाबा, मी येणार नाही. रागाच्या भरात एकदा झालं, असं मी सगळ्यांना सांगत आले. ते एकदा नव्हतं, तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्हीच इकडे या. खोली लहान आहे, पण दोन खाटा मावतात.

लोभ आहेच, तो वाढवावा.
तुमची,
सून

ता. २० मे
चि. सूनबाईस, अ. उ. आ.

मायन्यात ‘सौ.’ लिहिलं नाही. पेन बराच वेळ अडलं होतं. तुला बोचलं तर सांग.

झाड वाचलं. मधोमध लालसर तुरा आलाय, त्यावर बारीक जांभळी फुलं. खालच्या शिंपीणबाईंना मुद्दाम वर बोलावून दाखवला. त्या म्हणाल्या, आजोबा, तुमची ऐट आता बघवत नाही.

येणं जमणार नाही. कसाही असला तरी पोटचा आहे. मी निघालो तर घरात त्याच्याशी बोलायला कुणी उरणार नाही. माझ्याशीही तो बोलत नाही, हे वेगळं.

माया असू दे.
बाबा

ता. २ जून
ती. बाबांना, सा. न. वि. वि.

‘सौ.’ गेल्याचं पाहून सुटल्यासारखं वाटलं, आणि रडूही आलं. असंच लिहीत जा.

एक सांगायचं राहिलं. हे झाड एकदाच फळतं. फळ उतरलं की ते हळूहळू वाळतं, तेव्हा आपलं काही चुकलं असं मानू नका. बुंध्याशी पिल्लं फुटतात. वीतभर झाली की अलगद काढून लावा. एक माझ्यासाठी घेऊन या, चार दिवसांपुरते तरी या.

वाट पाहणारी,
सून

ता. ११ ऑगस्ट
चि. मुलीस, अ. उ. आ.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर लावून वाच. शिंपीणबाईंच्या घरी बसलोय.

तुझं जूनचं पत्र माझ्या उशीखाली त्याला सापडलं. पत्त्यासाठी त्याने कपाट, ट्रंक, गादी सगळं उसकटलं. पत्ता मिळाला नाही, तेव्हा तो गॅलरीत गेला. मी कुंडीला मिठी मारली, त्याने हिसकावली. कुंडी रस्त्यावर फुटली. फळ मुठीएवढं झालं होतं, हिरवंच. पिल्लू एकही धरलं नव्हतं. पानांनी माझा उजवा पंजा चिरला, टाके पडले, ते आता चिघळलेत. डॉक्टरांना घसरलो म्हणून सांगितलं. नंतर तो जमिनीवर बसून रडला, आणि त्याला पाणी मीच नेऊन दिलं.

पोरी, आता मला बोलावू नकोस. कधीतरी माझा धीर सुटेल, मी निघेन, आणि तो माझ्या मागोमाग तुझ्या दाराशी येईल. मी इथेच बरा. तुझा पत्ता पाठ आहे, तो विसरायला बघतो. खोलीला आतून कडी लावत जा. यापुढे पत्र पाठवू नकोस.

लोभ आहे तो राहू दे, कागदावर मात्र नको.
तुझे,
बाबा